रुंद तोंडाचा रांजण

"सूर्यभानभाऊ, तू देला तो रांजण व्हय का ढोराइचं टाकं? त्याच्यात तं मी अख्खी मावतो!"

कुंभाराच्या अंगणात उभी राहून केशरबाई भांडत होती. चैताच्या उन्हानं पायाखालची काळी माती भेगाळली होती. सूर्यभान चाकापाशी खाली मान घालून बसला होता.

कापसाच्या जिनात हात गमावून नवरा घरी बसला, तेव्हापासून केशरबाई चोरून मोहाची दारू काढायची. दारूबंदीचे पोलीस आले अन् तिचा जुना रांजण फोडून गेले. पोट मोठं, गळा अरुंद. तोंडाला फडकं बांधून वरून चिखल लिंपला, की आत मोहफुलं अन् गूळ गुमान फसफसत राहायचे, दारू गाळायचा सडवा झकास आंबायचा. नवाही तसाच पाहिजे म्हणून तिनं बजावून सांगितलं होतं. सूर्यभाननं दिला तो पसरट तोंडाचा. नाइलाजानं तिनं त्यातच सडवा घातला. फडकं ताठ बसेना, चिखल वाळून आत पडला, वारा लागत राहिला. वर पांढरी साय धरली, चिलटं घोंगावली, अन् सगळ्याचा शिरका झाला.

"इतकी वर्सं चाक फिरवून राहिला तू. गळा कसा घ्याचा, हे का मी सांगू तुले?"

"हात नाई चुकला," सूर्यभान म्हणाला. "मुद्दामच केला तसा."

"काहून? माह्या पोटावर पाय द्याले?"

त्यानं वर पाहिलं. "माही मैना तुह्याच गल्लीत देली हाये, केशरबाई. देवीदास तुह्या घरून पिऊन जाते अन् तिले मारते. काल तिची पाठ पाह्यली मी. मीच गळा वळून द्याचा, अन् त्यातल्या दारूनं माह्याच पोरीले झोडपाचं? नाई होत आता माह्यानं."

भिंतीपल्याड मैना ओरडायची, ते केशरबाईनं कितीदा ऐकलं होतं. नवराबायकोचं भांडण म्हणून कूस बदलली होती.

"पन मी खाऊ काय, भाऊ?"

"ते मले नाई समजत," सूर्यभान म्हणाला.

उन्हं कलल्यावर देवीदास दारात आला.

"सडवा नासला," केशरबाई म्हणाली. "जाय घरी."

त्यानं रांजणाचा वास घेतला, थुंकला अन् शेजारच्या गावची वाट धरली. दिवेलागणीला तिकडूनच झिंगून आला. थोड्या वेळात कपाळ फुटलेली मैना केशरबाईच्या दारात, अन् मागं देवीदास. केशरबाईनं तिला आत ओढलं अन् कडी घातली.

"दार उघड! माही बायको हाये ते!"

"बोंबल! साऱ्या गल्लीले आयकू दे!"

लाथा घालून घालून तो थकला अन् निघून गेला.

मैना भिंतीला टेकून बसली. "मावशी, आज तुह्या घरची नोती पेली त्यानं."

"आज नोती, माय," केशरबाई म्हणाली. "पन इतके दिवस माहीच होती."

उद्या चूल कशी पेटायची, ते तिला अजून सुचलं नव्हतं. तिनं कोमट पाणी घेतलं अन् मैनेची जखम धुवायला बसली.