बाकीच्याचे मानीत नाय

मी ढोलकी बोलतेय. भिवपुरीपलीकडच्या डोंगराखाली, वाडीतल्या धाऊच्या घरातली. आंब्याच्या खोडातून मला कोरलं, दोन्ही तोंडांवर बकऱ्याचं कातडं ताणलं आणि कर्जतच्या बाजारात मांडलं. धाऊनं मला उचललं, एक थाप मारली आणि हसला. तेव्हापासून मी त्याची.

आधी मी लग्नांत वाजले. पुढं धाऊ आणि त्याची बायको आवडी प्रभू येशूच्या मंडळीत आले, आणि दर रविवारी आमच्या ओटीवर उपासना भरू लागली. आवडीनं एक रीत घातली होती. गाणं सुरू होण्याआधी प्रत्येकानं एका तरी गोष्टीसाठी देवबापाचे उपकार मानायचे. कुणी म्हणे, "गाय व्याली." कुणी म्हणे, "पोरीचा ताप उतरला." माणसांची खोड मी तेव्हाच पाहिली. मागणं मांडताना लांबण लावतात, आभार मात्र दोन शब्दांत उरकतात. आवडी तशी नव्हती. तिचे उपकार संपता संपत नसत. धाऊची बोटं माझ्यावर चुळबुळत राहायची.

मग मधाचं पोळं काढायला चढलेला धाऊ झाडावरून पडला. मुंबईच्या दवाखान्यातून त्याला घरी आणलं, तेव्हा कमरेखाली जीव उरला नव्हता. पडून पडून पाठीला जखमा झाल्या, चिघळल्या. आवडी त्या धुते, तेव्हा धाऊ गोधडी दातांत धरतो.

मंडळीतले जगदीशभाऊ आले. म्हणाले, "आवडीताई, दुःखातसुद्धा उपकारस्तुती सोडू नये."

"कशाचे उपकार मानू, भाऊ? ह्याच्या पाठीत किडे पडले त्याचे?"

जगदीशभाऊ उठून गेले. पुढच्या रविवारपासून उपासना दुसऱ्या घरी भरू लागली.

त्या रविवारी आवडी आढ्याकडं बघून ओरडली, "बापा, उपकार मानायला काय तरी शिल्लक ठेव रं!"

अंथरुणातून धाऊ पुटपुटला, "भांड गं. पन त्याच्याशी बोलनं सोडू नको."

आज सकाळपासून धाऊ तापानं फणफणलाय. आवडीलाही ओळखत नाही. दवाखान्यात न्यायला गाडी बोलावलीय, ती अजून आलेली नाही. आवडीनं मला खुंटीवरून काढलं. माझी दोरी सैल झालीय, कातडं ओल लागून फुगलंय. तिनं मला कधी वाजवलं नव्हतं. मांडीवर घेऊन ती एकाच बाजूवर थापा मारत राहिली, बेताल.

"आज त्यानं दोन घोट पेज घेतली. तेवढ्याचे उपकार, बापा. बाकीच्याचे मी मानीत नाय. मानायला लावू नको."

गोधडीवर धाऊची बोटं हलली. तो ताल धरत होता की तापानं थरथरत होता, मला कळलं नाही.

ती अजून वाजवतेच आहे. वाटेवरून कुणी येत असाल, तर आत या. तिला काही शिकवू नका. माझी दुसरी बाजू मोकळी आहे. तिच्याजवळ बसा, आणि गाडी येईपर्यंत तेवढी वाजवा.