करलं, केलं आणि मेड

नात, म्हणजे लेकीची मुलगी, परदेशात जन्मली, वाढली. तिला मराठी येत नव्हतं आणि इकडे आजीला इंग्रजी येत नव्हतं. आजी घरातच शिवणकाम करायची. दर रविवारी नातीचा फोन आला की आजी कानांत प्राण आणून ऐकायची.

एकदा नातीने विचारलं, "आजी, व्हॉट डिड यू डू टुडे?"

आजीने धीर केला. "आय मेक फ्रॉक."

शेजारी बसलेला आजीचा मुलगा खो खो हसला. "आई, मेक नाही, मेड! राहू दे, तुला नाही जमायचं." त्याने फोन काढूनच घेतला.

त्यानंतर फोन वाजला की आजी मशीनचं चाक जोरात फिरवायची. बोलावलं तरी उठायची नाही. कान मात्र फोनकडेच.

कोट आखूड करून घ्यायला एक निवृत्त शिक्षिका आल्या. आजीने कापडावर खडूने लिहिलेलं त्यांनी वाचलं: 'आय गो, शी गोज'.

आजी ओशाळली. "बाई, हे 'गो'चं मध्येच 'वेंट' कसं हो होतं? माझ्या डोक्यात काही शिरत नाही."

"आपलं 'जाते'चं 'गेले' होतं ना, तसंच! घडून गेलं की क्रियापद रूप बदलतं. मेकचं मेड, डूचं डिड."

"अगंबाई! एवढंच?"

मुलगा दारातूनच म्हणाला, "काय आई, या वयात शाळा?"

शिक्षिका वळल्या. "लहानपणी तुम्ही 'केलं' न म्हणता काय म्हणायचात?"

आजीच हसून म्हणाली, "करलं! 'आई, मी करलं!' म्हणत घरभर नाचायचा."

"मग तुम्ही त्याला गप्प बसवलंत?"

"छे हो! पुन्हा पुन्हा बोलायला लावायचे."

मुलाची मान खाली गेली. आईला आपण किती महिने मुकं करून ठेवलं होतं!

रविवारी त्याने फोन आईच्या हातात दिला आणि स्वतः बाजूला बसला. "आय मेड टू फ्रॉक्स," आजी सावकाश म्हणाली. नात खिदळली, मग एकदम विचारती झाली, "आजी, व्हेन विल यू कम?"

आजीने फोन घट्ट धरला. "आय... वॉन्ट कम."

मुलाचे ओठ हलले, पण त्याने ते मिटून घेतले.

"आय वॉन्ट यू टू कम!" नात पलीकडून ओरडली.

मित्रहो, चूक नंतरही सुधारता येते. पण हसून बंद केलेलं तोंड पुन्हा उघडायला फार वेळ लागतो. घरात कुणी अडखळत बोलत असेल, तर त्याला आधी बोलू द्या!