ताईच्या खात्यात

रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांच्या रजा, पाळ्या, बदल्या एका वेबसाइटवरून चालत. ती सांभाळणाऱ्या अ‍ॅडमिनला कोणाच्याही नावाने आत शिरून त्या माणसाला दिसतं तेच बघता येई. पासवर्ड लागत नसे. नावापुढचं एक बटण दाबलं की झालं. ऑफिसात याला परकायाप्रवेश म्हणत. पडद्यावर पिवळी पट्टी येई : ‘तुम्ही दुसऱ्याच्या नावाने वावरत आहात.’ हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला अ‍ॅडमिन पहिल्याच दिवशी बजावत असे, “बघायचं. हात लावायचा नाही.”

बदलीच्या अर्जांचा तो शेवटचा दिवस होता. पाचला खिडकी बंद. पावणेचारला अ‍ॅडमिनच्या मोठ्या बहिणीचा फोन आला. ती त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर नर्स होती.

“अरे, ते ‘पाठवा’चं मेलं बटणच दिसत नाहीये.”

“ताई, खाली सरकव.”

“सरकवून सरकवून बोट झिजलं. तूच ये वर.”

“वर कशाला? इथूनच बघतो, तुझ्या डोळ्यांनी.”

“बघ, पण लवकर. दोन सलाईन बदलायची आहेत.”

तो तिच्या खात्यात शिरला. वॉर्डचा क्रमांक जुना राहिला होता. तो बदलल्यावर बटण आलं. खरं तर तेव्हाच बाहेर पडायचं. पण कारणाचा रकाना समोर होता.

‘माझे पती सहा वर्षांपासून दुसऱ्या शहरात नोकरीला आहेत. घरी आई अंथरुणाला खिळून आहे. नऊ वर्षे तिचे सगळे मी एकटीने केले. धाकटा भाऊ येथून वीस मिनिटांवर राहतो व रविवारी भेटून जातो. यापुढे आईची जबाबदारी तो घेईल.’

आईला सांभाळशील का, असं गेल्या वर्षी ताईने त्याला दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा तो ‘बघू’ म्हणाला होता.

हा अर्ज मेट्रन वाचणार होत्या, मग आस्थापना विभाग. ती सगळी माणसं त्याला रोज जिन्यात भेटत. त्याने शेवटची तीन वाक्यं पुसली. भावोजींचं कारण पुरेसं आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं. अर्ज आपोआप जतन झाला.

“आलं बटण, ताई. पाठव.”

“एकदा वाचून घेऊ का?”

“काय वाचायचंय? होतं तसंच आहे.”

तिने पाठवला.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं : ‘आईच्या देखभालीची पर्यायी व्यवस्था नमूद नाही. अर्ज नामंजूर. पुढील अर्ज दोन वर्षांनंतर करता येईल.’

तिने अर्ज उघडला, दोनदा वाचला आणि ‘अर्जाचा इतिहास’ या पानावर गेली. ते पान अ‍ॅडमिननेच वरिष्ठांशी भांडून बनवलं होतं. दुसऱ्याच्या नावाने कोणी काही केलं तर खातेदाराला कळलंच पाहिजे, म्हणून. तिथे ओळ होती : ‘३.५२. कारणात बदल. खातेदाराच्या नावाने, अ‍ॅडमिन.’

पाळी संपल्यावर ती युनिफॉर्मवरच खाली आली.

“तीन बावन्नला तू होतास?”

“ताई, मला वाटलं भावोजींचं कारणच—”

“तुला काय वाटलं ते राहू दे. लाज वाटली ना?”

शेजारच्या टेबलावरचा टायपिंगचा आवाज थांबला.

“हळू बोल ना. चारचौघांत माझं नाव कशाला, एवढंच मनात आलं.”

“तुझं नाव कुठे होतं? भाऊ म्हटलं होतं. तेवढंही जड झालं?”

“मी वर लिहून देतो. चूक माझी, अर्ज परत विचारात घ्या म्हणून.”

“दे. आत्ता, माझ्यासमोर. आणि खाली लिही, आईची जबाबदारी मी घेईन. स्वतःच्या नावाने लिही.”

त्याने नवीन पत्र उघडलं. या वेळी पिवळी पट्टी नव्हती. ‘सदर बदल माझ्याकडून झाला आहे’ इतकं लिहून त्याची बोटं थांबली. ती खुर्चीमागे उभी राहून पडद्याकडे बघत होती.

“घरी बोलून लिहितो,” तो म्हणाला. “आजच्या आज थोडंच आहे? बघू.”

तिने घड्याळ पाहिलं आणि पर्स खांद्याला अडकवली.

“आईची सहाची गोळी आहे,” ती म्हणाली आणि निघाली.