काचेतलं पाणी

“अजून गढूळच आहे,” हे म्हणाले. “राहू दे चालू.”

मी टॉर्च धरून उभी होते. पंपाच्या खोलीत दोन माणसांना जेमतेम जागा, त्यात वाळूच्या फिल्टरची टाकी रुसलेल्या आत्याबाईंसारखी मधोमध ठाण मांडून बसलेली. लोकांच्या घरचा पोहण्याचा तलाव लहान असला तरी त्याचं पाणी दिवसभर या टाकीतल्या वाळूतून गाळून परत जातं. वाळू मळली की हँडल फिरवून टाकीत पाणी उलटं सोडायचं. मळ सुटतो आणि पाइपातून गटारात जातो. त्या पाइपाला अंगठ्याएवढी काच बसवलेली असते. काचेत पाणी आधी कोऱ्या चहासारखं दिसतं, मग तांदूळ धुतल्यासारखं, मग स्वच्छ. स्वच्छ दिसलं की बंद करायचं. एवढीच त्यातली विद्या, असं हेच मला सांगत आलेत, बावीस वर्षं.

काचेतलं पाणी स्वच्छ होतं. ओंजळीत घ्यावंसं वाटेल इतकं. पंप सुरू केल्यावर दुसऱ्या मिनिटालाच झालं होतं, आणि आता पाव तास होऊन गेला होता.

“काच पुसू का?” मी विचारलं.

“तीनदा पुसली मी. काचेला काही झालेलं नाही.”

मी या खोलीत पहिल्यांदाच आले होते. गेल्या सहा महिन्यांपासून मी यांच्याबरोबर कामावर येते, कारण यांनी एका फाटकाच्या खांबाला स्कूटर नेऊन धडकवली. खांबच पुढे आला, असं यांचं म्हणणं. तेव्हापासून स्कूटर मी चालवते आणि हे मागे बसून मला वळणं सांगतात, जी मला दिसत असतात आणि यांना नसतात. कामाच्या जागी मी जाळीने पाण्यावरची पानं काढायची आणि हे आत फिल्टर बघायचे. आज टॉर्च धरायला म्हणून आत बोलावलं, एवढंच.

एकेकाळी यांच्याकडे अकरा घरांचे तलाव होते. मग एकेका घरचं पाणी निवळेनासं झालं आणि एकेक घर सुटलं. क्लोरीन पूर्वीसारखं राहिलं नाही, हे म्हणायचे. वाळू भेसळीची येते. मी मान डोलवायची, कारण भेसळ तर सगळ्यातच असते. आता हे एकच घर उरलं होतं, वकीलबाईंचं. बाई निवृत्त, एकट्या, जिभेला धार. गुडघ्यांसाठी त्यांना रोज पाण्यात चालायला सांगितलेलं. सकाळी आम्ही आलो तेव्हा त्या फाटकातच उभ्या होत्या.

“दहा दिवस झाले पाणी निवळत नाहीये, टाकीवाले. माझे गुडघे तुमच्या नावाने बोंब मारतायत. उद्या कंपनीची माणसं बोलावलीयत. आज काही निदान झालं तर त्यांना नको म्हणते.”

“होईल,” हे म्हणाले होते. “सापडेल.”

ते सापडलं होतं. माझ्या हातातल्या टॉर्चच्या उजेडात, अंगठ्याएवढ्या काचेत.

शेवटी यांनीच पंप बंद केला. “वाळूच गेलीय. झाकण काढू.”

एकेक बोल्ट यांनी न बघता काढला. पूर्वीही हे न बघताच काढायचे, ऐट म्हणून. मग कोपरापर्यंत हात आत घातला आणि मूठभर वाळू वर आणून बोटांवर चोळली. घरी मी पिठाचा पोत बघते तशी.

“चांगली आहे की,” हे म्हणाले. जरा नाराजीनेच. “दाणा धारदार आहे. गाठ नाही, तेलकटपणा नाही.”

“मग?”

“खालचे जाळीचे पाइप फुटले असते तर वाळू तलावात गेली असती, बाईंच्या पायाला लागली असती. तसं नाही. हँडल नीट बसतंय. पंप ओढतोय. क्लोरीन तू बघितलंस, ते ठीक.” एकेक गोष्ट सांगताना यांनी एकेक बोट मिटलं. मूठ वळली. “सगळं ठीक आहे. मग राहिलं काय?”

मूठ तशीच हवेत होती. मी टॉर्च बंद केला.

“अहो,” मी म्हणाले. “पाणी स्वच्छ होतं.”

“कुठलं?”

“काचेतलं. दुसऱ्या मिनिटाला.”

यांनी मूठ उघडली. बोटांना चिकटलेली वाळू टाकीत झटकली.

वाळू फार धुवायची नसते, हेही मला यांनीच शिकवलेलं. थोडा मळ राहिला तर तोच बारीक मळाला धरून ठेवतो. फार सोवळी वाळू कामाची नाही, सगळं खालून सोडून देते आणि पाणी पांढुरकं राहतं.

“परवा किती वेळ सोडलं होतंत?”

“वीस मिनिटं. त्याच्या आधी जास्त.” मग झाकण चाचपत, “चारदा केलं या आठवड्यात.”

यांनी झाकण परत बसवलं. बोल्ट समोरासमोरचे, एक इकडचा, एक तिकडचा, रीतसर आवळले.

“बाकीच्या घरीही हेच झालं असणार,” हे म्हणाले.

“बाकीच्या घरी मी कुठे होते बघायला?”

“तू नव्हतीस. काच होती.”

बाई व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होत्या. हे पायऱ्या मोजत वर गेले आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

“फिल्टर चांगला आहे. आता आठ दिवस कोणी धुवायचा नाही, आपोआप निवळेल. उद्या ती माणसं वाळू बदला म्हणतील, बदलू देऊ नका. अजून दोन वर्षं जाईल ती.”

“मग बिघडलं काय होतं?”

“जास्त धुतला गेला.”

“कोणाकडून?”

“माझ्याकडून.”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “इतका सरळ कबुलीजबाब देऊ नये, टाकीवाले. माझा धंदाच बसला असता.” मग त्यांचं लक्ष यांच्या नजरेकडे गेलं. ती बाईंच्या खुर्चीच्या जरा डावीकडे लागलेली होती. “डोळ्यांचं बघा काहीतरी. मोतीबिंदू असेल. माझा काढला, दहा मिनिटांचं काम.”

मी पायऱ्यांकडे बघू लागले. पावसाळ्याआधी आम्ही डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली जपा, असं ते म्हणाले होते. त्यांनी सांगितलेला शब्द यांनी दवाखान्याच्या दारातच टाकला. शेजाऱ्यांना मोतीबिंदू, लेकीला फोनवर मोतीबिंदू, पिकला की काढणार. मीही तेच म्हणत होते. ऐकणाऱ्याला बरं वाटायचं.

“मोतीबिंदू नाही,” हे म्हणाले. “काचबिंदू.”

बाईंनी वर्तमानपत्राची घडी केली, परत उलगडली.

“उद्या त्या माणसांना...”

“येऊ देत,” हे म्हणाले. “हँडल फिरवण्याआधी पंप बंद करायला सांगा. नवी पोरं विसरतात.”

फाटकाकडे जाताना वाट तलावाच्या कडेनेच होती. मी यांचं कोपर धरलं होतं. मधेच हे थांबले आणि पाण्याकडे वाकले.

“तळ दिसतोय का तुला?”

मी पाहिलं. खरंच पाहिलं. “नाही.”

“फरशीच्या रेघा?”

“नाही हो. सगळं पांढरट. धुकं धरल्यासारखं.”

“मलाही तसंच दिसतंय,” हे म्हणाले. जरा खुशीत होते. घाई नसल्यासारखे उभे राहिले, तशी मीही राहिले.