डावं मागचं चाक

"उतरा बाप्पा, उतरा! भरल्या गाडीचं चाक खरं बोलत नाई," म्हणत खुशालरावांनी दांडक्यानं पत्रा वाजवला, आणि नुकतेच चेपून बसलेले बारा प्रवासी कुरकुरत खाली उतरले.

अकोटच्या स्टँडबाहेर हा रोजचा सोहळा होता. बाकीच्या काळ्यापिवळ्या जीपगाड्या भरल्या की धारणीकडे पळायच्या. खुशालरावांची गाडी भरली की आधी रिकामी व्हायची. मग ते बाभळीच्या दांडक्यानं चारही चाकं ठोकायचे, आवाज ऐकायचे. शेवटी स्टेपनीलाही एक टोला द्यायचे, तिला वाईट वाटू नये म्हणून. एकवीस वर्षांत घाटात त्यांचं एकही टायर फुटलं नव्हतं.

"काय म्हनते डाक्तर? पेशंट जगते का?" समोर उभ्या एकानं विचारलं.

"पेशंटचं सोड. तू जगला पायजे म्हनून पाहून राहिलो."

रहिमाबी बांगड्यांची पेटी घेऊन बाजूला उभी होती. धारणीच्या बाजाराला ती पंधरा वर्षं याच गाडीनं, याच पुढच्या सीटवर बसून जात होती. कापसाचा भाव पडला तसे लग्नातले चुडे कोपराकडून मनगटाकडे उतरले होते, पण तिनं बाजार चुकवला नव्हता. विकण्याआधी प्रत्येक बांगडी ती नखानं वाजवून पाहायची. पिचलेली बांगडी डोळ्याला दिसत नाही, कानाला कळते.

म्हणूनच तिला कळलं. तीन चाकं टण्ण बोलली. डावं मागचं भद्द बोललं.

खुशालरावांनी मान हलवली. "झ्याक! बसा."

रहिमाबी जागची हलली नाही. गेल्या बाजाराला घाटात मागचा ट्रक हॉर्न देऊन देऊन दमला होता, तरी यांनी बाजू दिली नव्हती. तिला वाटलं होतं, माणूस अकडला. आता आठवलं, अलीकडे हे बोलणाऱ्याच्या ओठांकडेच बघत असतात.

आता सांगायचं कसं? ऐकू न येणाऱ्याच्या कानात कुजबुजता येत नाही, आणि ओरडलं तर अख्ख्या स्टँडला कळतं.

ती पुढे झाली. "आना भाऊ थे दांडकं. आज मी ठोकून पायतो."

"रहिमाबी, बांगड्या सोडून आता गाडी चालवता का?" प्रवाशांतून एकानं विचारलं.

"चूप बस. नाई तं तुले हिरव्या भरीन."

लोक हसले. तिनं पुढचं चाक ठोकलं आणि खुशालरावांकडे पाहिलं. मग डावं मागचं ठोकलं, आणि पुन्हा पाहिलं. पिचलेली बांगडी बाजूला काढताना तिचा चेहरा जसा व्हायचा, तसा झाला होता. तो चेहरा खुशालराव ओळखत होते. ते खाली वाकले. टायरवर तळहात ठेवला, अंगठ्यानं दाबलं.

"गजेंद्र!"

याच गाडीची दुपारची फेरी मारणारा गजेंद्र चहा टाकून आला.

"काल हवा सोडली का तू?"

"सोडली ना काका. पंचेचाळीसची गरमी, टायर तव्यावानी तापलं. फुटलं असतं."

"कितीकदा सांगतलं, तापल्या टायरची हवा सोडू नोको! थंडं झालं का थे बसते. मंग कमी हवेचं चाक अजून तापते, अन् थेच फुटते. हवा सकाळी पायत जाय, चाक थंडं असते तवा."

"चुकलं काका. पन तुमी तं आता ठोकलं..." गजेंद्र मध्येच थांबला.

खुशालरावांनी रहिमाबीच्या हातातल्या दांडक्याकडे पाहिलं.

"मले आइकू नाई आलं," ते म्हणाले. हळूच म्हणालो असं त्यांना वाटलं असावं; पलीकडच्या रसवंतीपर्यंत ऐकू गेलं. "तू हवा सोडली, मले आवाज नाई आला. दोघंई बरोबरीत."

रहिमाबी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि ओठ नीट हलवत म्हणाली, "अकोल्याले कान दाखवा भाऊ. कानाचंई पंक्चर निघते."

"दाखवीन." त्यांनी खिशातून किल्ली काढली, शर्टाला पुसली आणि गजेंद्रच्या हातात ठेवली. "आजपासून घाट तुहा. वळनावर हॉर्न देजो. अन् दुसऱ्याचा आइकजो."

त्या चाकात हवा भरली. रहिमाबीनं पुन्हा ठोकून मान हलवली, तेव्हा कुठे प्रवासी बसले.

"काका, तुमी घरी जा ना," गजेंद्र म्हणाला.

"बारा मानसं माह्या भरवशावर आले. धारणीले उतरले का मंग जाईन." आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा ते डाव्या दारानं गाडीत चढले, रहिमाबीच्या शेजारी.

पोपटखेड मागे पडलं, घाट लागला. पहिल्याच वळणावर पायाशी ठेवलेल्या पेटीतल्या बांगड्या किणकिणल्या. रहिमाबीनं खाली पाहिलं. खुशालरावांचा उजवा पाय पेटीवर ब्रेक दाबत होता. नजर रस्त्यावर होती. बांगड्यांचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता.

दुसरं वळण यायच्या आत तिनं पेटी उचलून मांडीवर घेतली आणि त्यांच्या पायाला जागा करून दिली.