जिन्याखालची परीक्षा

कॉन्स्टंटीन शहरातल्या आमच्या विद्यापीठात प्रबंधाची जाहीर परीक्षा म्हणजे घरचं लग्नच. यम्मा, माझी आई, पहाटेपासून खजुराचे मक्रूद तळत होती. मावश्या नटूनथटून वर सभागृहात जाऊन बसल्या होत्या. मी मात्र जिन्याखाली, चाकांच्या खुर्चीत. लिफ्ट मी इथे आले तेव्हाही बंद होती. आता तिच्यात झाडू ठेवतात.

"वसीला, चार पोरं बोलावलीत," माझे मार्गदर्शक, बूजमआ सर म्हणाले. "खुर्चीसकट उचलतील. त्यांनाही पुण्य लागेल."

"पुण्य दुसरीकडे कमवा म्हणावं. मला कुणी उचलायचं नाही."

गेल्या वर्षी असंच उचललं, तेव्हा कुणीतरी व्हिडिओ काढला. 'जिद्दीची कन्या' म्हणून तो देशभर फिरला. लोक ढसाढसा रडले. ही पोरगी शिकते काय, हे एकानेही विचारलं नाही. गव्हाच्या तांबेरा रोगावर डोळे फोडून काम मी केलं, आणि लोकांना दिसले ते माझे लोंबणारे पाय!

सर चिडले. "हा काय हट्ट? बाहेरच्या परीक्षकबाई संध्याकाळी ओरानला निघतील. आज पदवी हुकली की प्रयोगशाळेतली नोकरीही गेली."

यम्मा धापा टाकत खाली आली. "पोरी, माझ्यासाठी जा गं. शाळेत मी पाठीवर नेलंच ना तुला?"

"तू आई आहेस, यम्मा. हे विद्यापीठ आहे."

मी खुर्चीचा ब्रेक लावला. "परीक्षा इथे होईल, नाहीतर होणार नाही."

शेवटी परीक्षक कुरकुरत खाली आले. खुर्च्या आल्या, मागोमाग मावश्या आणि मक्रूदची ताटं. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष घाम पुसत गोड हसले.

"बाळ, पहिला प्रश्न. अशा अवस्थेत एवढं शिकायची हिंमत आणलीस कुठून?"

मावश्यांनी रुमाल काढले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पुढचा प्रश्न," मी म्हणाले.

"अगं, मी कौतुकानेच..."

"कौतुक राहू द्या. प्रबंध वाचलात का?"

बूजमआ सरांनी कपाळाला हात लावला. अध्यक्ष लालबुंद झाले. त्यांनी प्रबंध ओढला आणि पानं उलटू लागले. नवी कोरी, एकमेकांना चिकटलेली पानं. मी उलटू दिली. यम्मा पुटपुटत दुआ म्हणत होती.

अखेर त्यांनी विचारलं, "तांबेरा तू फक्त कठीण दाण्याच्या गव्हावरच का तपासलास?"

याचं उत्तर पहिल्याच पानावर होतं. प्रश्न अडाण्यासारखा होता, पण तांबेऱ्याचा होता. मी उत्तर द्यायला सुरुवात केली.