घुबड एवढंसं दिसतं तेव्हा

“वॅफल गार, जाम पातळ, आणि ही मंडळी नुसती चमचे वाजवतायत,” गुनवोर माझ्या कानाशी कुरकुरली. आमच्या पक्षीमंडळाचा अध्यक्ष सिगब्यर्न, त्याची ही बायको.

बोलायचं होतं दारियुसबद्दल. फ्योर्डवरच्या, म्हणजे आमच्या खोल खाडीवरच्या, कड्यातलं शृंगी घुबड अंडी सोडून उडून गेलं होतं. घरट्याच्या फार जवळ कुणीतरी गेलं, हे उघड होतं. दिनदर्शिकेसाठी आलेल्या फोटोंत दारियुसच्या घुबडाने चौकट भरलेली. नुसते डोळेच डोळे. हाच जवळ गेला, असं लोकांनी तेवढ्यावर ठरवून टाकलं. दारियुस लिथुआनियाचा, दातांचा डॉक्टर. निम्म्या मंडळाच्या दाढा त्यानेच भरल्यात, तरी आज त्याच्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या.

“मंडळातून नाव काढून टाकू त्याचं,” सिगब्यर्न म्हणाला. “माझा फोटो बघा. घुबड तेच, पण एवढंसं. दुरून, अदबीने काढलेला.”

ही अदबच मला खटकत होती. दिनदर्शिका मी जुळवते, त्यामुळे सगळ्यांच्या मूळ फाइली माझ्याकडे येतात. फोटोच्या पोटात कॅमेरा गुपचूप बरंच टिपून ठेवतो: लेन्स कोणती, फोकस किती अंतरावर होता. मी दोन्ही फोटो पडद्यावर लावले.

“दारियुसची लेन्स लांब पल्ल्याची. अंतर, अनंत. म्हणजे इतकं दूर, की कॅमेऱ्याने मोजायचाच नाद सोडला.”

“मी तरी तेच सांगत होतो, खाडीपलीकडच्या रस्त्यावरून काढलाय,” दारियुस पुटपुटला.

“आणि माझा?” सिगब्यर्न हसत म्हणाला.

“तुझी वाइड लेन्स. ती पुढ्यातलंही लहान करून दाखवते. अंतर तीन मीटर.”

“हे आकडे अंदाजे असतात, बाई.”

“असतात ना. तिनाचे चार होतील, पाच होतील. खाडीपलीकडचा रस्ता नाही होणार.”

“मध्ये एखादी फांदी आली असेल. तिच्यावर बसला फोकस.”

“त्या कड्यावर फांदी? तिथे शेवाळाशिवाय काही उगवत नाही!”

सगळे आपापल्या बशीत बघू लागले. घुबडांचा हिशेब आयुष्यभर ठेवणारा माणूस. त्याला कोण काय म्हणणार? कुणीतरी विचारलं, “कॉफी हवीय का कुणाला?”

गुनवोरने जामची बरणी टेबलावर ठेवली, जरा जोरातच.

“नको कॉफी. त्या कड्यावरच्या शेवाळाने माखलेले तुझे बूट मी धुतलेत, सिगब्यर्न. घरट्यापाशी तू गेला होतास.”